आपला घोडा नवशिक्या मित्रास द्यावा काय?

ज्याच्या दावणीस घोडा बांधलेला असतो, त्याच्या दारीं स्नेह्यासोयऱ्यांची वाण पडत नाहीं. गांवची यात्रा असो, दिवाळसण असो, कीं घरांतील मंगलकार्य असो, शहराकडून आलेली मंडळी अंगणांत जमते, घोड्याच्या मानेवरून हात फिरविते, आणि घटकाभरानें त्यांपैकीं कोणी तरी हंसत हंसत म्हणतो, "एक फेरी मारून येऊं द्या कीं!" मागणी लहानशी, मागणारा जवळचा, आणि नाहीं म्हणावें तर त्याचें मन मोडतें. अशा वेळीं मालकानें काय करावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्यांत दोन जीव गुंतलेले असतात, एक बोलका व एक मुका. आणि त्या दोघांच्याहि वतीनें विचार करण्याचें काम एकट्या मालकाकडे येतें.

पूर्वीं हा प्रश्न इतका बिकट नव्हता. घोडा हें नित्याचें वाहन होतें, तेव्हां खेड्यांतील पोरांस त्याची ओळख लहानपणींच होत असे. आतां घोडीं झपाट्यानें कमी होत आहेत. सन २०१२ च्या पशुगणनेंत साऱ्या देशांत घोडे व तट्टें मिळून सुमारें सव्वासहा लक्ष होतीं. सन २०१९ च्या गणनेंत तीं सुमारें ३ लक्ष ४० हजारांवर आलीं. आपल्याकडे मेंढरांमागें बिऱ्हाड हलविणारे धनगर बंधु, माथेरानसारख्या ठिकाणचे घोडेवाले, वरातीचा धंदा करणारे, आणि सारंगखेड्याच्या किंवा माळेगांवच्या यात्रेंतून हौसेनें जनावर आणणारे कांहीं शेतकरी, एवढ्यांच्याच दारीं घोडा दिसतो. आजचा मित्र मोटारसायकलीवर वाढलेला असतो. ती किल्ली फिरविल्यावांचून हलत नाहीं व पाय टेकला कीं थांबते. घोड्यास स्वतःचें भय आहे, स्वतःची स्मृति आहे आणि घराची ओढ आहे, हें त्यास कोणी सांगितलेलेंच नसतें.

आपल्या इतिहासांत या बाबतींत विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. शिवकालीन फौजेंत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, व ज्यास घोडा सरकारांतून मिळे तो बारगीर. पागेंतील पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्या घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. बारगीर कांहीं नवशिका नव्हे, तो कसलेला स्वार. तरीहि आपला घोडा दुसऱ्याच्या हातीं देतांना राज्यानें त्याजबरोबर देखरेख, पाणी व नाल यांची तजवीज जोडून दिली. आम्ही मात्र लगाम मित्राच्या हातीं देऊन सुपारी कातरीत ओट्यावर बसतों!

आतां नवशिका वर बसला म्हणजे काय होतें तें पाहूं. घोड्याच्या पुढच्या व मागच्या दांतांच्या मध्यें हिरडीचा एक मोकळा भाग असतो. लगामाचें लोखंड तेथेंच टेकतें. तो भाग अत्यंत नाजूक. जाणता स्वार मांडीच्या पकडीवर व तोलावर बसतो, लगाम हा त्यास केवळ बोलण्याचें साधन. नवशिक्यास मांड ठाऊक नसते. तोल गेला कीं तो लगामास लोंबकळतो. त्याच क्षणीं भीतीनें त्याचे पाय आवळले जातात आणि टांचा घोड्याच्या कुशींत रुततात. टांच म्हणजे "चल" आणि लगाम म्हणजे "थांब" असें आपण त्या जनावरास शिकविलेलें असतें. आतां एकाच वेळीं दोन्ही हुकूम मिळाल्यावर त्यानें करावें काय? कांहीं घोडे जागींच गोल फिरतात, कांहीं मागल्या पायांवर झाड होतात, आणि बहुतेक उधळतात. घोडा हा मूळचा पळून जीव वांचविणारा प्राणी. संकट आलें कीं पळावें, हा त्याचा जन्मस्वभाव आहे; त्यास खट्याळपणा म्हणणें अन्यायाचें होय.

यांतील अधिक मोठी हानि पुढें दिसते. ज्या घोड्याचें तोंड दहा जणांनीं ओढलें, त्याची हिरडी बधिर होत जाते व तो पुढें मालकाच्याहि हातास दाद देत नाहीं. झाडाच्या फांदीखालीं किंवा कुंपणाशीं घासलें कीं पाठीवरचें ओझें उतरतें, हें त्याच्या एकदां ध्यानांत आलें कीं तो तें विसरत नाहीं. शिक्षण द्यावयास जेथें वर्ष लागलें, तेथें तें बिघडावयास दोन यात्रा पुरतात.

आमच्या शेजारच्या गांवीं घडलेली एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. एका कास्तकाराची घोडी इतकी गरीब कीं घरचीं मुलें तिच्या पायांतून खेळत. यात्रेस आलेल्या एका स्नेह्यानें कालव्यापर्यंत फेरी मारण्याची इच्छा दाखविली. पायांत चपला, आणि तंग एकदांच आवळलेला. जातांना सर्व ठीक झालें. परततांना घराकडे तोंड होतांच घोडीनें दुडकी धरली. दुडक्या चालींत नवशिका उसळतो, तसा तो उसळला. टांचा रुतल्या, घोडी भरधाव सुटली, खोगीर एका अंगास फिरलें, आणि चप्पल रिकिबींतून आरपार जाऊन पाय अडकला. चपलेचा पट्टा तुटला म्हणून माणूस वांचला. गळ्याचें हाड मोडलें, मनगट मोडलें. घोडीचें तोंड रक्तबंबाळ झालें, व पुढें कित्येक महिने लगाम पाहतांच ती मान झटकीत असे. गांवांत "घोडी वाईट" अशी आवई उठली आणि मालकास ती मिळेल त्या भावानें विकावी लागली. दोघांचा स्नेहहि पूर्वींसारखा राहिला नाहीं. यांत घोडीचा अपराध कोणता, हें वाचकांनींच ठरवावें.

मित्रास बसवावयाचेंच असेल, तर प्रथम वजनाचा हिशेब करावा. खोगिरासह स्वाराचें ओझें घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावें, असा सर्वसाधारण दंडक आहे. घोड्याचें वजन कांट्यावांचूनहि अदमासें काढतां येतें. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजावा व त्या संख्येस तिनेंच गुणावें. मग खांद्याच्या टोंकापासून पुठ्ठ्याच्या टोंकापर्यंतच्या लांबीनें गुणून ११,८८० नें भागावें. उत्तर किलोग्रॅममध्यें येतें. घेर १६५ व लांबी १४५ असेल तर वजन सुमारें ३३२ किलो भरतें. त्याचा पांचवा हिस्सा ६६. त्यांतून खोगिराचे ८ वजा जातां ५८ किलोंचा मनुष्य बसूं शकतो. ऐंशी किलोंच्या स्नेह्यास हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. आंकड्यांवर कोणी रुसत नाहीं. नवशिक्याचें ओझें तर पाठीवर आपटत असतें, म्हणून त्याच्या बाबतींत हात आंखडूनच घ्यावा.

त्यानंतर पुढील गोष्टी पाळाव्या :

१. स्वारी खळ्यांत किंवा कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेंत असावी. रस्त्यावर कदापि नसावी. घोडा बागडोरीनें मालकानें स्वतः धरावा. दोरी हातास गुंडाळूं नये. घोडा उधळला तर धरणाराहि ओढला जातो.

२. तंग आवळतांना पुष्कळ घोडे छाती फुगवितात. म्हणून चार पावलें चालवून, स्वार चढण्यापूर्वीं, तंग पुन्हा तपासावा.

३. पायांत टांच असलेले बूट असावे, चपला नसाव्या. बूट रिकिबींत गेल्यावर दोन्ही अंगांस बोटभर जागा राहिली पाहिजे. पायाचा चवडाच रिकिबींत ठेवावा. डोक्यास घोडेस्वारीचें हेल्मेट असावें.

४. घोड्यास बाजूचें बहुतेक सर्व दिसतें. परंतु अगदीं मागचें व कपाळापुढचें जवळचें दिसत नाहीं. मित्रानें खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत जवळ यावें. चढणें डाव्या अंगानें, आणि शक्य तर ओट्यावरून. म्हणजे पाठीस हिसका बसत नाहीं.

५. केवळ चाल, दुडकी नाहीं. लगाम मित्राच्या हातीं देऊं नये. खोगिराची पुढची कड किंवा अयाळ धरावयास सांगावें. काटेरी लगाम घालूं नये.

६. दहा मिनिटें पुरेत. एकामागून एक पांच जण बसविणें म्हणजे घोड्याच्या मुकेपणाचा गैरफायदा घेणें होय.

७. लाडू, पाव, उरलेलें अन्न घोड्यास चारूं देऊं नये. घोड्यास ओकारी होत नाहीं. पोटांत गेलेला अपथ्य पदार्थ पोटशूळानें जीव घेऊं शकतो.

८. पाठीस वळ, अंगास जखम, पायांत लंगडेपणा, किंवा शिंगरूं पाठीशीं असेल, तर कोणासहि बसवूं नये.

कायद्याची बाजूहि ध्यानांत ठेवावी. सन १९६० च्या प्राण्यांस क्रूरपणानें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ अन्वयें जनावरावर बेसुमार स्वारी करणें हा अपराध आहे, व तें होऊं देणारा मालकहि त्यांत सांपडतो. दिनांक १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणें, आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्यास संभवणाऱ्या धोक्याविरुद्ध पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. "मित्रानेंच मागितला" हें उत्तर तेथें पुरेसें होईलच, असें समजूं नये.

राहतां राहिली ती भीड. भीड ही भिकेची बहीण, असें वडील म्हणत आले. पण दिवाळसणास आलेल्या जावईबापूंस नाहीं कसें म्हणावें? कचेरींत बरींच वर्षें काढल्यानें आम्हांस एवढें कळलें आहे, कीं माणसास नियमाचा राग येत नाहीं, अपवादाचा येतो. काल मेहुण्यास घोडा दिला आणि आज शिक्षकमित्रास नाकारला, म्हणजे मन दुखावतेंच. परंतु "आमच्या घरीं नवा मनुष्य खळ्याबाहेर घोडा नेत नाहीं, मग तो कोणीहि असो," हें वाक्य मागणी होण्यापूर्वींच दहा वेळां कानांवरून गेलेलें असलें, तर मागणारा स्वतःच संकोचतो. शिवाय नकाराबरोबर कांहीं तरी हातीं द्यावें. मित्रास खरारा करूं द्यावा, तोबरा बांधूं द्यावा, घोड्याशेजारीं उभें करून छायाचित्र काढावें. ज्याची हौस खरी आहे तो दुसऱ्या आठवड्यास पुन्हा येईल. त्यास लांब दोरीवर घोडा गोल फिरवीत मांड शिकवावी. असा एक शिकलेला मित्र शंभर हौशी मित्रांहून बरा, कारण तो पुढें आपल्या अडीअडचणीस घोड्याचें दाणापाणीहि पाहील.

ज्या शेतकरी बंधूंच्या दारीं आज घोडा आहे, त्यांच्या हातीं एक ओसरत चाललेली विद्या आहे. ती पुढच्या पिढीस द्यावयाची तर मित्रांस घोड्यापासून तोडूनहि चालणार नाहीं व त्यांच्या स्वाधीन करूनहि चालणार नाहीं. घोडा मित्राच्या स्वाधीन करूं नये, मित्रास घोड्याजवळ आणावें, आणि दोघांच्या मध्यें दोरी धरून आपण उभें राहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे. येत्या यात्रेपूर्वीं घोडेवाल्या बंधूंनीं आपल्या घरचा नियम ठरवावा व तो घरच्या मुलांबाळांसहि सांगून ठेवावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करितों.