घरातल्या सगळ्यांना चालेल ना?

रस्त्यावर जन्मलेला कुत्रा आणि रस्त्यावर आणून सोडलेला कुत्रा, यांतला फरक थोडा वेळ उभं राहून पाहिलं तरी कळतो. रस्त्यावरच्याला आपला इलाखा पाठ असतो. कुठल्या टपरीवर बिस्किटाचा तुकडा मिळतो, कुठल्या बंगल्यासमोरून गेलं की दगड बसतो, गाड्यांमधून पलीकडे कधी जायचं, हे सगळं त्याला ठाऊक असतं. सोडलेला कुत्रा मात्र एकाच जागी खिळून बसतो. गाडी थांबली की उठून दारापाशी जातो, उतरलेला माणूस अनोळखी निघाला की परत येऊन बसतो. मानेभोवती पट्ट्यानं दबलेल्या केसांची गोल खूण असते. घरातल्या गुळगुळीत फरशीवर वावरल्यानं नखं वाढलेली असतात. गल्लीतली कुत्री भुंकत आली की शेपूट पोटाशी घेऊन तो जमिनीला चिकटतो, आणि समोरच्यानं 'शेक हँड' म्हटलं तर त्या अवस्थेतही पंजा पुढे करतो.

मग कुणीतरी फोटो काढतं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं. 'अर्जंट! लॅब आहे, गोड आहे, चांगलं घर हवं.' कुत्रा लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा हस्की असेल तर संध्याकाळपर्यंत फोनवर फोन येतात. सगळ्यांना वाटतं, चला, प्रश्न सुटला. अडचण इथूनच सुरू होते. घाईनं दिलेलं घर अनेकदा फार टिकत नाही आणि तोच कुत्रा पुन्हा कुठल्यातरी पुलाखाली दिसतो. सोडलेल्या कुत्र्याला घर शोधून देणं म्हणजे मुख्यतः नकार देणं, थांबणं आणि प्रश्न विचारणं. हे काम करणारे सगळे हेच सांगतात.

आधी मालक शोधा

कुत्रा सोडलेला आहे की हरवलेला, हे पहिल्या दिवशी ठरवता येत नाही. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजानं बिथरलेली कुत्री मैलोन्‌मैल पळतात आणि दोन दिवसांत तीही मळकट, भुकेली, टाकून दिल्यासारखी दिसू लागतात. म्हणून आधी परिसरातल्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारायचं. कातडीखाली मायक्रोचिप आहे का, तेही तपासून घ्यायचं. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी क्रमांक दाखवते. मात्र त्या क्रमांकापुढे मालकाचं नाव कुठेतरी नोंदलेलं असेल तरच तिचा उपयोग. महापालिकेचा परवाना काढलेला असेल तर त्याचा बिल्ला पट्ट्याला असू शकतो, पण सोडणारे बहुधा पट्टाच काढून घेतात.

फोटो टाकताना एखादी खूण मुद्दाम लपवून ठेवावी. पोटावरचा पांढरा ठिपका, तुटलेला दात, जुन्या टाक्यांची रेघ, असं काहीही. 'माझाच आहे' म्हणणाऱ्याला ती खूण विचारायची. जुने फोटो आणि लसीकरणाचं कार्ड मागायचं. महागड्या जातीच्या कुत्र्यावर हक्क सांगणारे सगळेच खरे मालक नसतात.

सोडतात ते का?

कारणं ठरलेली असतात. बदली झाली, घरमालकानं हरकत घेतली, घरात बाळ येणार आहे, आजोबांना दम्याचा त्रास आहे, कुत्रा म्हातारा झाला आणि औषधपाणी परवडेना. त्याच्याही मागे एक कारण असतं. कुत्रा घेतानाच तो कुणाच्या तरी हौसेखातर आलेला असतो. २००३ च्या सुमाराला हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे धावणारा पग आला आणि घराघरातून पगची मागणी सुरू झाली. चपट्या नाकामुळे या जातीला श्वास घेताना किती कष्ट पडतात, उन्हाळ्यात तिला किती जपावं लागतं, हे जाहिरातीत नव्हतं. पुढे हस्की आले. बर्फात राहण्यासाठी केसांचा दुहेरी थर घेऊन जन्मलेला हा कुत्रा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात एसीशिवाय दिवस कसे काढणार, हा प्रश्न विकत घेताना कुणी विचारत नाही. टाळेबंदीत करमणूक म्हणून आणलेली पिल्लं ऑफिसं सुरू होताच जड झाली.

आणखी एका गटाविषयी फारसं बोललं जात नाही, तो ब्रीडरांनी टाकलेल्या माद्यांचा. सतत पिल्लं काढून लोंबलेले स्तन, कोपरांवर सिमेंटच्या जमिनीनं पडलेले घट्टे, पिंजऱ्यात राहून अशक्त झालेले मागचे पाय, अशी कुत्री सापडली की तिचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यातल्या कलम ११ नुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. एका वडापावाच्या प्लेटच्या आसपासची ही रक्कम कुणाला धाक घालणार? प्राण्याला ठार मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसतं सोडून देणं मात्र आजही जवळजवळ फुकट आहे.

पहिले दोन आठवडे

सापडलेला कुत्रा थेट नव्या घरी पाठवू नये. मध्ये एक तात्पुरतं घर लागतं, त्याला सगळे 'फोस्टर' म्हणतात. डिस्टेंपर आणि पार्व्होसारखे आजार लागण झाल्यावर काही दिवसांनी डोकं वर काढतात, त्यामुळे किमान दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवलेलं बरं. अनेक दिवसांच्या उपाशी कुत्र्यापुढे एकदम भरलेलं ताट ठेवायचं नाही. थोडा भात, थोडं उकडलेलं चिकन, दिवसातून चार-पाच वेळा.

डॉक्टरांकडे रक्ततपासणी करून घ्यावीच. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप इतका सर्रास आहे की वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्याही प्लेटलेट्स घसरलेल्या निघतात. वेळेत कळलं तर साधारण चार आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. न कळता नव्या घरी गेला तर तिथे गळून पडतो आणि 'आजारी कुत्रा गळ्यात मारला' म्हणून परत येतो. जंताचं औषध आणि रेबीजसह सगळ्या लशी याच काळात द्याव्यात. कुत्र्याच्या पूर्वायुष्याची माहिती नसल्यानं हाताळणाऱ्यांनी स्वतःही रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेली असावी.

नसबंदी मात्र घर मिळण्याआधीच, तब्येत सावरली की लगेच. हा नियम पाळला की फोन करणाऱ्यांतले निम्मे हेतू आपोआप उघडे पडतात. 'ऑपरेशन झालंय' म्हटल्यावर पलीकडचा आवाज थंड झाला, तर त्याला कुत्रा नको होता, पिल्लं हवी होती.

फोस्टरच्या घरात दुसरी तपासणी होते, ती स्वभावाची. ताटाजवळ हात नेला तर गुरगुरतो का? कुकरच्या शिट्टीला दचकून पलंगाखाली जातो का? लिफ्टमध्ये चढतो का? एकटा ठेवला तर दार ओरबाडतो का? मांजर, लहान मूल, झाडूवाल्या काकू यांच्याशी कसा वागतो? यातला एकही दोष झाकायचा नाही. 'लहान मुलं नसलेल्या घरीच देणार' असं एक वाक्य जाहिरातीत असलं तर पुढचा मोठा अनर्थ टळतो.

'फार्महाऊसला हवाय'

जाहिरातीत 'फ्री' हा शब्द कधी लिहू नये. फुकट मिळतंय म्हणून येणारी माणसं वेगळी असतात. फोटो दिवसाच्या उजेडातला, कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून काढलेला असावा. साखळीला बांधलेला नसावा. खाली वय, तब्येत, नसबंदी, लशी, चांगल्या सवयी आणि वाईट सवयी.

मग फोन येऊ लागतात. 'फार्महाऊसला राखणीला हवाय' म्हणजे बहुतेक वेळा दिवसभर साखळी आणि रात्री एकटेपणा. 'मुलीच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय' म्हणणाऱ्यानं घरात कुणाला विचारलेलं नसतं. 'आज रात्रीच न्यायला येऊ का?' विचारणाऱ्याला आठवडाभर थांबायला सांगावं. थांबला तर पुढे बोलावं. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य, 'आईला फारसं आवडत नाही, पण होईल सवय.' इथे फोन ठेवायच्या आधी आईशीच बोलायचं.

कारण बहुतेक मराठी घरांत हौस एकाची असते आणि दिवसभराचं काम दुसऱ्याचं. कॉलेजात जाणारा मुलगा कुत्रा आणतो. सकाळी त्याला खाली फिरवणं, फरशीवरचं पुसणं, पोळ्या लाटताना मध्येमध्ये येणाऱ्याला आवरणं आईच्या किंवा आजीच्या वाट्याला येतं. तिचा होकार मनापासूनचा नसेल, तर पहिली चप्पल चावली जाण्याचा अवकाश, की 'याला घालवा' सुरू होतं. म्हणून 'घरातल्या सगळ्यांना चालेल ना?' एवढं विचारून थांबायचं नाही. सगळे घरी असताना जायचं, कुत्र्याला सोबत न्यायचं आणि तो सोफ्यावर चढल्यावर कुणाचे चेहरे कसे होतात ते बघायचं.

घर बघताना आणखी गोष्टी पाहाव्यात. बाल्कनीला जाळी आहे का, गच्चीचा कठडा किती उंच आहे, फाटक नीट लागतं का. भाड्याचं घर असेल तर करारात प्राण्यांविषयी काय अट आहे, ते डोळ्यांनी वाचावं. सोसायटीची धास्ती मात्र अनेकदा अनाठायी असते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण सभेत ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. आणि एक प्रश्न न चुकता विचारावा, गणपतीत सगळे कोकणात गेलात की हा कुठे राहणार?

देशी मागे का राहतात?

लॅब्रेडॉरसाठी रांग लागते, देशी पिल्लू महिनोन्‌महिने थांबतं. खरं तर आपल्या हवेत रुळलेला, अंगावर आखूड केस असलेला, साध्या खाण्यावर निभावणारा देशी कुत्रा आपल्या घरांना जास्त सोयीचा आहे. मुंबईतल्या वर्ल्ड फॉर ऑलसारख्या संस्था दत्तक मेळावे घेतात, त्यात देशी पिल्लांना आणि मांजरांना घरं मिळतात. तरी 'गावठी' म्हणून नाक मुरडणारे आहेतच.

पण प्रत्येक देशी कुत्र्याला उचलून घरात आणणं हाही उपाय नव्हे. वस्तीत सांभाळला गेलेला प्रौढ कुत्रा तिथेच सुखी असतो. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा पायाही तोच आहे, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा उचलला त्याच जागी सोडायचा. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ ला रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायला वाट मोकळी ठेवली, पण दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली.

ज्यांना आपला कुत्रा खरोखरच ठेवता येत नाही, त्यांनी त्याला संस्थेच्या फाटकाला बांधून जाऊ नये. आजारी आणि जखमी प्राण्यांनीच निवारे भरलेले असतात. अनेक वर्षं घरात राहिलेला कुत्रा तिथल्या कोलाहलात खाणं सोडतो. बदलीची कुणकुण लागली की दोन-तीन महिने आधी शोध सुरू करावा आणि नवं घर मिळेपर्यंत कुत्रा आपल्याच घरी ठेवावा. त्याच्या सवयी सांगू शकणारा माणूस सोबत असला तर घर लवकर मिळतं.

दिल्यानंतर

ओळखपत्राची प्रत, पत्ता आणि साधा करारनामा घेतल्याशिवाय कुत्रा द्यायचा नाही. करारात एक अट ठळक असावी, नाही जमलं तर कुत्रा परस्पर कुणालाही न देता आमच्याकडेच परत करायचा. नव्या घरातून कुत्रे पळतात ते बहुधा सुरुवातीच्या दिवसांत. त्या दिवसांत दोन पट्टे, एक गळ्यात आणि एक छातीला. रेस्क्यू करणाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक हिशेब चालतो. पहिले तीन दिवस तो घाबरलेला असतो, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर त्याचं होतं. तिसऱ्याच दिवशी 'खातच नाही, घेऊन जा' असा फोन आला तर हा हिशेब समजावून सांगावा. जे तरीही आणून सोडतात त्यांच्यावर चिडू नये, त्यांनी अट पाळलेली असते.

आणि सगळं पसंत पडल्यावर, उठता उठता एक शेवटचा प्रश्न, 'हा नकोसा झाला तर काय कराल?' काही जण दुखावून म्हणतात, 'छे हो, असं होणारच नाही.' काही जण थोडं थांबतात, एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, 'तुम्हाला फोन करू. तुमचं माणूस येईपर्यंत सांभाळू.' कुत्रा या दुसऱ्या घरी द्यावा.