पाखरांसाठी पाणी ठेवलं, आता चाऱ्याचं बघा: परसात आणि धुऱ्यावर लावायची आपली झाडं

मार्च लागला की गावोगावी पाखरांसाठी पाण्याची भांडी टांगली जातात. शाळेतली पोरं टांगतात, मंडळं टांगतात, फोटो ग्रुपवर येतात. काम चांगलंच आहे. अकोला-अमरावतीत पारा 45 च्या वर जाणं आता नवं राहिलं नाही, आणि नवतपात तर सावलीतलं पाखरूही चोच उघडी टाकून बसलेलं दिसतं. पण पाणी पिऊन त्यानं खायचं काय आणि बसायचं कुठं, हे कोणी विचारत नाही. धुऱ्यावरचं निंबाचं झाड तुटलं, बाभूळ सरपणात गेली, बोरीची झुडपं जेसीबीनं उपटली. आता भांडं टांगायलाही फांदी शोधावी लागते.

काही जण तांदूळ, ज्वारी टाकतात. मोठ्या चिमणीला ते चालतं, पिल्लाला नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना आधी अळ्या आणि मऊ किडेच भरवते. म्हणजे पाखरू हवं असेल तर अळी हवी, आणि अळी हवी असेल तर तिला खाता येईल असं पान हवं.

खरी गोम इथंच आहे. प्रत्येक झाडाच्या पानात आपला आपला चीक, कडवटपणा, रसायन असतं. ते पचवायची सवय किड्यांना हजारो वर्षांत लागते. रुईचा चीक आपल्या डोळ्यात गेला तर वांधे होतात, पण काळ्या-पांढऱ्या कडेचं केशरी फुलपाखरू त्याच पानावर अंडी घालतं. तिची अळी तो चीक अंगात साठवते, म्हणून पाखरं तिच्या वाट्याला फारशी जात नाहीत. पावसाळ्यात तरोट्याच्या पानाखाली पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या सापडतात. आपण ज्याला तण म्हणून फेकतो तो तरोटा म्हणजे त्यांचा पाळणा. कढीपत्ता, बेल, लिंबू ही एकाच कुळातली झाडं, त्यांच्यावर मोठी काळी फुलपाखरं वाढतात. 2015 मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्लू मॉर्मनही याच कुळातल्या पानांवर वाढतं.

उलट गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ आणि गिरीपुष्प मध्य अमेरिकेकडचे. सावली, सरपण, हिरवळीचं खत यासाठी ती कामाची असतील, पण आपल्या किड्यांना त्यांची पानं फारशी ओळखीची नाहीत. शहरात नवीन लेआउटच्या कडेनं सरळ रांगेत लावतात ते कोनोकार्पस तर लावूच नये. गुजरातनं 2023 मध्ये रोपवाटिकांत आणि वनखात्याच्या लागवडीत त्याला बंदी घातली. बाहेरचं झाड सरसकट वाईट असंही नाही. आपली चिंच मूळची आफ्रिकेची आणि सीताफळ अमेरिकेचं, तरी दोन्ही इथली होऊन बसली. पण पाच झाडं लावायची असतील तर चार इथली असावीत.

आता कास्तकाराच्या कामाची गोष्ट. मिरगाच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ओरडणारा पावशा स्वतः घरटं बांधत नाही. तो आपलं अंडं सातभाईच्या घरट्यात टाकतो. चातकाचंही तेच. सातभाई म्हणजे ती मातकट रंगाची, सात-आठच्या टोळीनं कलकलाट करत जमिनीवर पाचोळा उलटवणारी पाखरं. त्यांना घरट्यासाठी दाट झुडूप लागतं आणि पोटासाठी पाचोळ्यातले किडे. एप्रिल-मे मध्ये धुरे पेटवून दिले की झुडूपही जातं आणि पाचोळाही. सातभाई गेले की पावशा कोणाच्या भरवशावर येईल? तो केसाळ अळ्यासुद्धा खातो, ज्यांना दुसरी पाखरं सहसा तोंड लावत नाहीत.

पाखरं आली म्हणजे फवारणी बंद, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. 2017 मध्ये ज्या गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी खाल्ली ती बोंडाच्या आत असते, तिथं चोच पोचत नाही. पण हरभऱ्यातली घाटेअळी, सोयाबीनवरच्या पानं खाणाऱ्या अळ्या उघड्यावर असतात. कोतवाल, साळुंकी, बगळे त्या वेचतात. म्हणून तर कृषी खातं हरभऱ्यात पक्षीथांबे लावायला सांगतं. धुऱ्यावर बाभूळ-निंब असेल तर काड्या रोवायचं कामही कमी होतं. ज्वारीवाल्यांचं गणित वेगळं, त्यांना गोफण फिरवावीच लागते.

झाडं निवडताना महिना बघून निवडावी. थंडीत बोरं असतात, पिकांतले किडे असतात, पाखरांचं भागतं. खरी टंचाई मार्च ते जून. होळीला पळस फुलतो आणि शिंजीर, साळुंकी, बुलबुल त्यातला रस प्यायला येतात. मग निंब मोहरतो, मधमाश्या येतात. उन्हाळ्याच्या शेवटाला निंबोळ्या आणि जांभळं पिकतात. आणि या सगळ्यांना पुरून उरतो तो उंबर. त्याला वर्षातून अनेकदा फळ येतं. उंबराचं फूल कोणाला दिसत नाही म्हणतात, कारण ती फुलं फळाच्या आत असतात. आत शिरून परागीभवन करणारी बारीक माशी उंबराची वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. ती नाही तर बी नाही. पिकल्या उंबरावर दिवसा हरियल, तांबट, कोकीळ आणि रात्री वटवाघळं येतात. फक्त घराच्या भिंतीपासून आणि विहिरीच्या बांधकामापासून उंबर 25-30 फूट लांब असू द्या, मुळ्या भिंत फोडतात. वानरंही येतील, म्हणून टिनाच्या छपरावर फांदी येईल अशा ठिकाणी नकोच.

परस लहान असेल तर कढीपत्ता, तुळस, अडुळसा, निर्गुडी, पारिजातक एवढंही पुरे. अडुळसा आणि निर्गुडीला शेळ्या तोंड लावत नाहीत, ही आपल्या गावात फार मोठी गोष्ट आहे. न्हाणीचं पाणी या झाडांकडे वळवलं तर वेगळं पाणी द्यावं लागत नाही. साबण मात्र बेताचा वापरा.

खारपाणपट्ट्यातल्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडच्या ज्या गावांत बोअरचं पाणी खारट आहे तिथं तेच पाणी रोपाला दिलं की पानांच्या कडा करपतात आणि रोप जातं. तिथं बाभूळ, करंज, बोर यांवर भर द्यावा, ही झाडं खार सहन करतात. पहिली दोन वर्षं जमलं तर शेततळ्याचं पाणी द्यावं.

वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजारच्या संत्रेवाल्यांनी आणखी एक जपावं. संत्र्याच्या फळात रात्री सोंड खुपसून रस पिणाऱ्या पतंगाची अळी गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. दोन्ही इथल्याच वेली, औषधी म्हणून लोक कुंपणावर हौसेनं चढवतात. बागेजवळ त्या ठेवू नयेत अशीच शिफारस आहे. कढीपत्ता-लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या संत्र्याच्या कोवळ्या कलमांचीही पानं खातात. मोठ्या झाडाला त्यानं काही होत नाही, पण नर्सरीशेजारी कढीपत्त्याची रांग नको. कपाशीवाल्यांनी तसंच पेटारी आणि रानभेंडीकडे बघावं, त्यावर कपाशीची कीड तग धरते. ‘देशी’ म्हटलं की डोळे झाकून लावायचं, असं नाही.

झाडोरा वाढला की साप येतील, ही भीती घरोघरी असते आणि ती खोटी नाही. धामण उंदीर खाते, तिला मारणं म्हणजे उंदरांना आमंत्रण. पण नाग, मण्यार, घोणसही असतात. म्हणून पऱ्हाटीचा ढीग, लाकडं, विटा घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पाचोळा झाडाखाली राहू द्या, दारापुढं नको. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा खाटेवर आणि मच्छरदाणीत झोपा. चावलाच तर थेट सरकारी दवाखाना, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. रोही आणि रानडुकरांचं म्हणाल तर ते हरभऱ्यासाठी येतात, अडुळशासाठी नाही. त्यांचा प्रश्न मोठा आहे, त्यावर पुन्हा कधी लिहू.

पाण्याच्या भांड्याबद्दल दोन शब्द. भांडं उथळ असावं, दीड-दोन इंच पाणी पुरे, आत एक खडा ठेवा म्हणजे मधमाशी बुडत नाही. पाणी रोज बदला आणि भांडं आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. फवारणीचा पंप त्या भांड्याजवळ धुऊ नका. चिमणीसाठी डबा लावायचा तर लाकडाचा, सावलीत, पश्चिमेचं ऊन लागणार नाही असा. टिनाचा डबा मे महिन्यात भट्टी होतो.

लागवडीची तयारी आताच करा. दोन फुटांचे खड्डे उन्हाळ्यात खोदून तापू द्या. मिरगाचा एक पाऊस पडला म्हणून घाई नको, ओल चांगली खाली गेली की लावा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यात कोवळी मुळं तुटतात. त्यासाठी बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा थर द्या, खोडापासून वीतभर लांब, आणि उधई असेल तर त्यात निंबोळी पेंड मिसळा. रोपाशेजारी बुडाला बारीक भोक पाडलेलं जुनं मडकं पुरून त्यात पाणी भरलं तर ते मुळाशी हळूहळू झिरपतं.

रोपं विकत घ्यायची गरज कमीच. निंबोळी पडली की गर काढून सावलीत सुकवा आणि पंधरवड्याच्या आत पेरा, जुनं बी उगवत नाही. पळसपापडी थेट जागेवरच टोचा, मात्र पळस सावकाश वाढतो, घाई असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. भिंतीत उगवलेलं पिंपळ-उंबराचं रोप पावसाळ्यात मुळासकट अलगद काढून हलवता येतं. बाभळीचं बी टणक असतं, तसंच पेरलं तर कमी उगवतं. ते शेळ्यांच्या गोठ्यातून गोळा करावं. शेंगा खाऊन शेळी जे बी टाकते ते लवकर उगवतं, शिवाय लेंडीखतही सोबत येतं.