तो जीडीपी तुमचा, आमचा नव्हे

दक्षिण वेल्समध्ये डोंगरांच्या चिंचोळ्या घळीत एब्बू व्हेल नावाचं गाव आहे. ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा उभी करणारे अनायरिन बेव्हन तीसहून अधिक वर्षं इथले खासदार होते. इथला पोलादाचा कारखाना ऐन भरात होता तेव्हा चौदा हजारांवर माणसं तिथे राबत. २००२ मध्ये त्याला कायमचं टाळं लागलं. मग युरोपीय महासंघाचा पैसा येऊ लागला. कारखान्याच्या मोकळ्या जागेवर कॉलेज उभं राहिलं, दऱ्यांच्या माथ्यावरून जाणारा महामार्ग रुंद झाला. १९६२ पासून बंद असलेली प्रवासी रेल्वे २००८ मध्ये पुन्हा धावू लागली, तीही युरोपच्या मदतीनं. वरचं गाव आणि खालची कारखान्याची जागा जोडणारा छोटा केबलमार्गही आला. अशा कामांवर महासंघाची बारा ताऱ्यांची निळी पाटी लागलेली असे.

आणि २३ जून २०१६ च्या सार्वमतात हे गाव ज्यात येतं त्या ब्लेनाय ग्वेंट भागानं ६२ टक्के मतं महासंघातून बाहेर पडण्याच्या बाजूनं दिली. वेल्समधलं हे सर्वांत मोठं प्रमाण. बाहेरून आलेल्यांची संख्या इथे नगण्य होती, त्यामुळे ‘स्थलांतरितांचा राग’ एवढ्या एका कारणात हे उत्तर बसत नाही.

कॉर्नवॉलचंही तेच. दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असलेल्या भागांना महासंघ सर्वाधिक मदत देई, आणि इंग्लंडमधलं कॉर्नवॉल वर्षानुवर्षं त्या यादीत होतं. जगभरचे पर्यटक खेचणारा ईडन प्रकल्प, पेनरिनचं विद्यापीठ संकुल, खेड्यापाड्यांत पोचलेलं वेगवान इंटरनेट, या सगळ्यात युरोपचा वाटा होता. तरी ५६.५ टक्के लोकांनी बाहेरचा रस्ता निवडला. निकाल लागताच तिथल्या कौन्सिलनं लंडनकडे मागणी केली, की आमची मदत कमी होणार नाही याची हमी द्या. इंग्लंडमधल्याच संडरलँडमध्ये सुमारे सात हजार जणांना थेट रोजगार देणारा निसानचा कारखाना निम्म्याहून अधिक गाड्या युरोपात पाठवत होता. तिथलं ‘बाहेर’चं प्रमाण ६१ टक्के. अर्थतज्ज्ञ फिलिप मकॅन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आकडे मांडून दाखवलं, की ज्या भागांची कमाई युरोपच्या बाजारावर जास्त अवलंबून, तेच बाहेर पडायला अधिक उत्सुक होते.

या लोकांना मूर्ख ठरवणारे लेख तेव्हा पोत्यानं छापून आले. मला ते पटले नाहीत, आजही पटत नाहीत.

सार्वमताआधी न्यूकॅसलमध्ये प्राध्यापक आनंद मेनन सांगत होते, की बाहेर पडल्यास देशाचा जीडीपी घटेल. श्रोत्यांतून एक बाई ओरडली, तो जीडीपी तुमचा, आमचा नव्हे. मेनन यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला, आणि मला वाटतं सगळ्या चर्चेचं मर्म त्यात आहे. एब्बू व्हेलला रेल्वे आली, पण ती गाडी वेल्सच्या राजधानीला, कार्डिफला जाते. नोकऱ्या कार्डिफमध्ये, आणि त्या कार्डिफनं साठ टक्के मतं महासंघात राहण्यासाठी दिली. गावात राहिलेल्या पन्नाशीच्या पोलाद कामगाराला नवं कॉलेज दिसतं. त्याचा जुना पगार आणि पगारासोबतचा मान त्या इमारतीतून परत येत नाही. प्रदेशाला मिळालेला पैसा आणि घरात आलेला पैसा हे दोन वेगळे हिशेब आहेत. पाटी पहिल्याची लागते, मत माणूस दुसऱ्यावर देतो.

त्यात २०१० नंतर लंडनच्या सरकारनं काटकसरीच्या नावाखाली कल्याणकारी भत्ते आणि स्थानिक संस्थांचा निधी छाटला. वॉरिक विद्यापीठाचे थिमो फेत्झर यांनी दाखवलं, की ही कात्री जिथे जास्त चालली तिथे महासंघविरोधी कौल वाढला. घाव लंडनचा होता, राग महासंघाचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सवर निघाला. पण राग दाखवायला दुसरी जागा तरी कुठे होती? एब्बू व्हेलचा मतदारसंघ बहुतांश काळ मजूर पक्षाच्या खिशात. तिथल्या एका मतानं सरकार हलत नसे. सार्वमतात मात्र प्रत्येक मत सारख्या वजनाचं. आदल्या वर्षी सार्वत्रिक निवडणुकीत ६६ टक्के मतदान झालं होतं, सार्वमतात ते ७२ वर गेलं.

मतदाराला समजून घेतलं म्हणून त्याला फसवणारे सुटत नाहीत. आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रसेल्सला जातात, ते आरोग्यसेवेला देऊ, असं लाल बसवर लिहून देशभर फिरवलं गेलं. त्या आकड्यातून ब्रिटनला मिळणारी सवलत वजाच केलेली नव्हती. दुसरीकडे सरकारी अर्थखात्यानं लगेच मंदी येईल असं भय घातलं, तेही खरं ठरलं नाही. निसाननं तर संडरलँडमध्ये विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांसाठी गुंतवणूक जाहीर केली. नुकसान झालं ते हळूहळू: ब्रिटनच्या अधिकृत अंदाजपत्रकीय संस्थेच्या मते देशाची उत्पादकता दीर्घकाळात चार टक्क्यांनी कमी राहील.

आपल्याकडच्या वाचकांनी या निकालाचा आणखी एक पदर पाहावा. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले गोव्याचे पुष्कळ लोक राहतात. त्यांचं तिथलं राहणंच महासंघावर अवलंबून होतं, पण युरोपीय नागरिक म्हणून त्यांना सार्वमतात मत नव्हतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, म्हणजे पुण्याहून तिथे गेलेल्या एखाद्या इंजिनिअरला, राष्ट्रकुलाच्या नियमानं ते होतं. स्विंडननं सुमारे ५५ टक्क्यांनी ‘बाहेर’ म्हटलं. कुणाचं हित मोजायचं हे मतदारयादीनंच आधी ठरवून टाकलं होतं.

युरोपच्या निधीऐवजी लंडननं २०२२ मध्ये नवा निधी आणला. तीन वर्षांसाठी कॉर्नवॉलला १३.२ कोटी पौंड, वेल्सला ५८.५ कोटी. वेल्सच्या सरकारनं सांगितलं, की आमचं एकूण शंभर कोटी पौंडांहून अधिक नुकसान होतंय. पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागते. बाहेर पडा, आपला कारभार आपल्या हाती घ्या, असं या लोकांना सांगितलं गेलं होतं. युरोपचा पैसा वेल्समध्ये कार्डिफचं सरकार वाटत असे. नव्या निधीचे नियम लंडननं केले आणि पैसा कार्डिफला वगळून थेट स्थानिक कौन्सिलांकडे धाडला. ब्रसेल्सकडून काढून घेतलेला कारभार लंडनमध्येच थांबला, एब्बू व्हेलपर्यंत तो पोचला नाही.