लॅपटॉपमध्ये नवी डिस्क टाकली, आणि मशीन उठेना



मागील अंकात आम्ही खोडव्यातील पाचट कुजविण्यासंबंधी लिहिले होते. या वेळचा विषय पाहून कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याला शेत सोडून हे काय सुचले! पण आज ऊस नोंदीपासून वजनाच्या पावतीपर्यंत सारे कामकाज संगणकावर चालते, आणि सभासदांच्या घरीही मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेले लॅपटॉप आहेत. पाच-सहा वर्षांत ते मंद होतात. मग कोणी तरी सांगतो, ‘एस.एस.डी. टाकून घ्या, पळायला लागेल.’ सल्ला खोटा नाही. परंतु टाकल्यानंतर मशीन सुरूच झाले नाही तर काय करायचे, हे सांगायला त्या वेळी कोणी जवळ नसतो. आमच्यावर तो प्रसंग येऊन गेला, म्हणून हे लिहीत आहोत.

जुलै २०२३ मधली गोष्ट. आडसाली लागणीच्या नोंदी चालू होत्या. आमच्या गट ऑफिसचा लॅपटॉप २०१६ चा. सकाळी चालू केला की चहा येऊन संपायचा तरी पडदा गोल गोल फिरतच असायचा. सभासद बाकावर ताटकळत, चिटबॉय खिडकीशी उभा. त्यातच लाइन तुटल्याने इंटरनेट अकरा दिवस बंद. म्हणजे अकरा दिवसांच्या नोंदी कारखान्याच्या ई.डी.पी. विभागाकडे गेलेल्याच नव्हत्या. होत्या त्या फक्त या एका मशीनमध्ये. नोंदीची तारीख म्हणजे तोडणीची पाळी. पाळी पंधरा दिवस मागे-पुढे झाली तर वजनात काय फरक पडतो आणि गावात काय भांडणे होतात, हे आम्ही सभासदांना सांगावे असे नाही. आणि अशा वेळी आम्ही काय केले, तर त्या नोंदींची दुसरी प्रत न काढताच लॅपटॉप उचलून तालुक्याच्या दुकानात नेऊन दिला. ही चूक आमचीच, दुसऱ्या कोणाची नाही.

संध्याकाळी मशीन परत मिळाले. बटण दाबले तर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ : सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. दुकानदार म्हणाला, ‘नवी डिस्क खराब निघाली असेल, नाहीतर साहेब, तुमचं मशीनच म्हातारं झालंय.’ वर असेही म्हणाला की, जुनी डिस्क कोरी करून डबीत घालून देतो, पेनड्राइव्हसारखी वापरा. आम्ही म्हटले, तिला हात लावू नका, आहे तशी द्या. ती रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि मोटारसायकलला किक मारली. त्या रात्री झोप कसली लागते!

आता मुळात ही एस.एस.डी. म्हणजे काय, ते थोडक्यात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते. लॅपटॉपमधली साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावरून एक बारीक दांडी इकडून तिकडे सरकत माहिती वाचते. हव्या त्या जागी दांडी पोचायला आणि चकती फिरून यायला दर खेपेस सेकंदाचा शंभरावा भाग किंवा जास्त वेळ जातो. ऐकायला थोडा वाटतो, पण मशीन सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. एस.एस.डी.त फिरणारे काहीच नाही, सगळ्या चिप. तिथे तेच काम शंभरपट कमी वेळात होते. या चिपमागची फ्लॅश मेमरी तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या जपानी इंजिनिअरने १९८० च्या दशकात शोधून काढली. तेव्हा फायदा खरा आहे, त्याविषयी शंका नको.

दुसऱ्या दिवशी ई.डी.पी. विभागातील मंडळींना फोन लावला. आम्ही आपली सगळी कर्मकथा सांगू लागलो, तर त्यांनी मध्येच विचारले, ‘साहेब, नवी डिस्क मशीनला दिसते का?’ आम्हाला हे ठाऊकच नव्हते. शेवटच्या सरीला पाणी पोचले नाही तर आपण आधी विहिरीवर जातो, मोटर चालू आहे का पाहतो, मग पाइप, मग पाट पाहत येतो. एकदम नवी मोटर आणायला निघत नाही. इथेही तसेच आहे. अडले कुठे, ते आधी पाहायचे.

मशीन चालू होताच एफ-२, डिलीट किंवा एफ-१० अशी कळ दाबत राहिले की बायोसचा पडदा येतो. कळ कंपनीप्रमाणे निराळी असते. तिथे नव्या डिस्कचे नाव दिसले पाहिजे. दिसत नसेल तर दोष बहुधा बसविण्यात असतो. मशीन बंद करून, चार्जर काढून, बॅटरी सोडवून, डिस्क काढून पुन्हा नीट दाबून बसवावी. अडीच इंची चपटी डिस्क असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुन्या कित्येक हार्ड डिस्क ९.५ मिलिमीटर जाड, तर नव्या एस.एस.डी. ७ मिलिमीटर असतात. त्यामुळे ती खाचेत हलते आणि जोड सुटतो. खाली प्लॅस्टिकची चौकट किंवा पट्टी घातली की काम होते. च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट डिस्क असेल, तिला एम.२ म्हणतात, तर ती तिरकी घालून, मग आडवी दाबून टोकाचा स्क्रू बसवायचा असतो. तिच्यात आणखी एक गोम आहे. दिसायला सारख्याच, पण एक साटा जातीची आणि दुसरी एन.व्ही.एम.ई. जातीची. को ८६०३२ ची आणि दुसऱ्या जातीची टिपरी ढिगात सारखीच दिसतात, तसे हे. काही लॅपटॉपची खाच दोन्ही जाती घेते, काहींची एकच. चुकीची जात बसेल, पण दिसणार नाही. म्हणून विकत घेण्याआधी लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत जात पाहून घ्यावी, दुकानात शोधत बसू नये.

बायोसमध्ये दिसते, पण विंडोजमध्ये दिसत नाही, अशीही तक्रार येते. जुनी डिस्क तशीच ठेवून नवी जादा म्हणून लावली असता असे होते. कोरी डिस्क म्हणजे सऱ्या न पाडलेले रान. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिची मांडणी करावी लागते, जी.पी.टी. हा प्रकार निवडावा. फक्त ‘इनिशियलाइझ’ दाबण्यापूर्वी आपण कोणत्या डिस्कवर उभे आहोत, हे तिच्या आकारावरून दोनदा पाहावे. जुन्या, भरलेल्या डिस्कवर ही मांडणी चुकूनही करू नये.

आमच्या मशीनच्या बायोसमध्ये नवी डिस्क स्वच्छ दिसत होती. म्हणजे डिस्क खराब नव्हती आणि मशीनही म्हातारे झालेले नव्हते. अडले होते त्याच्या पुढे. जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नवीवर उतरवतात, त्याला क्लोन म्हणतात. दुकानात फक्त ‘सी’ एवढाच भाग उतरवला होता. पण विंडोज सुरू करून देणारी माहिती त्याच्या शेजारी एका छोट्या, एरवी न दिसणाऱ्या भागात असते. तो मागेच राहिला. घर नवे बांधले, दार लावायचे विसरले, अशातला प्रकार. ई.डी.पी.च्या मंडळींनी आधी जुनी डिस्क केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली आणि आमच्या नोंदींची फाइल पेनड्राइव्हवर काढून घेतली. अकराच्या अकरा दिवसांच्या नोंदी शाबूत होत्या. मग क्लोनझिला नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने अख्खी डिस्क उतरवली, आणि पहिल्यांदा चालू करताना मशीनमध्ये फक्त नवीच डिस्क ठेवली. दोन्ही सारख्या डिस्क एकदम लावल्या तर विंडोज गोंधळते. मशीन मिनिटाच्या आत सुरू झाले.

हेही करून अडले तर बायोसमध्ये आणखी दोन जागा पाहाव्यात. एक, सुरू होण्याच्या क्रमात नवी डिस्क पहिली आहे का. आणि जुने मशीन ‘लेगसी’ पद्धतीवर चालत होते की ‘यू.ई.एफ.आय.’ पद्धतीवर. जुने ज्या पद्धतीवर होते तीच ठेवावी. दुसरी, निळा पडदा येऊन ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द दिसले तर डिस्कच्या सेटिंगमध्ये ए.एच.सी.आय. आणि रेड यांची अदलाबदल झाली आहे का ते पाहावे.

आमच्या एका सभासदाच्या मुलीच्या लॅपटॉपला निराळेच झाले. इंजिनिअरिंगची परीक्षा तोंडावर, आणि डिस्क बदलल्यावर मशीन ४८ अंकी किल्ली मागू लागले. घरात रडारड. हे बिटलॉकरचे कुलूप. नव्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये मालकाला न कळता ते लागलेले असते. किल्ली तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली सापडली, म्हणून निभावले. डिस्कला हात लावण्याआधी हे कुलूप काढावे किंवा किल्ली वहीत लिहून घ्यावी.

जुनी डिस्क टकटक आवाज करीत असेल तर क्लोनच्या भानगडीत आधी पडूच नये. चालते आहे तोवर महत्त्वाच्या फाइली काढाव्यात. रोगट बेण्याची लागण केली तर नव्या रानातही रोगच येतो. मशीनमध्ये व्हायरस किंवा बिघाड असेल तर क्लोन म्हणजे तेच. तेव्हा विंडोज नव्याने टाकलेले बरे. खोडवा मोडून नवी लागण केल्यासारखे. आणि डिस्क बदलली म्हणून सगळेच नवे होत नाही. रॅम ४ जी.बी. असेल तर मशीन काही वेळाने दमणारच. आमच्या त्या लॅपटॉपवर विंडोज १० होते. त्याचा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ एवढे जुने मशीन स्वीकारीत नाही. त्यामुळे नोंदीचे काम आता दुसऱ्या मशीनवर आहे आणि तो फक्त पत्रे टाइप करायला ठेवला आहे. अशा जुन्या मशीनवर खर्च करण्याआधी सभासदांनी हा हिशोब धरावा.

त्या वेळची जुनी डिस्क आम्ही तो हंगाम संपेपर्यंत कपाटात कुलपात ठेवली होती. आता गट ऑफिसात रोज संध्याकाळी नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढली जाते आणि दर शनिवारी छापील यादी फळ्यावर लागते. सभासदांनी आपला गट नंबर, क्षेत्र आणि लागण तारीख पावतीशी ताडून पाहावी, व फरक असल्यास आठ दिवसांत चिटबॉयकडे लेखी कळवावे.