द्राक्षमळे कुणाला मिळाले?

बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातला, तेव्हा सिद्कीया राजाला एकाएकी पुण्य आठवलं. इ.स.पू. ५८८च्या सुमाराची ही गोष्ट. शहरातल्या धनिकांनी आपापल्या इब्री दासदासींना मोकळं करावं, असा करार त्याने घडवून आणला. चिरलेल्या वासराच्या दोन भागांमधून चालत जाऊन सरदार, कारभारी, पुरोहित सगळे शपथबद्ध झाले. पुढे मिसरची फौज मदतीला निघाल्याची बातमी आली आणि बाबेलचं सैन्य काही काळ हटलं. संकट टळलंसं दिसताच त्याच धनिकांनी त्याच माणसांना पुन्हा कामाला जुंपलं. यिर्मया संदेष्ट्याचा संताप त्याच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. तुम्ही दासांना मोकळीक दिली नाहीत, मग तलवार, रोगराई आणि दुष्काळ यांना तरी मोकळीक मिळू दे, असा त्याचा रोख.

इब्री ग्रंथांतला ईश्वरी न्याय म्हटला की मूर्तिपूजा आणि तिची शिक्षा एवढंच डोळ्यांसमोर येतं. आरोपपत्र मात्र त्याहून बरंच लांब आहे. चपलांच्या जोडापायी गरिबाला विकणाऱ्यांवर आमोस संदेष्टा तुटून पडतो, आणि तोही इस्राएलचं उत्तरेचं राज्य भरभराटीत असताना. ते राज्य पुढे इ.स.पू. ७२२च्या आसपास अश्शूरांनी गिळलं.

आपला देव कोपला म्हणून आपण हरलो, हा विचार काही एकट्या यहूद्यांचा नाही. १८६८ साली धीबान इथे सापडलेल्या शिलालेखात मवाबचा राजा मेशाही तेच सांगतो: मवाबचा देव कमोश आपल्या भूमीवर रागावला होता. पण का रागावला, याचं कारण मेशा देत नाही. यरुशलेमचे संदेष्टे कारण देतात, आणि तेही राजाच्या तोंडावर. त्याची किंमत यिर्मयाने मोजली. त्याला चिखलाच्या टाक्यात सोडून दिलं होतं. राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे आफ्रिकी, सेवक त्याला काढायला आला, तेव्हा दोरांबरोबर त्याने जुन्या चिंध्याही खाली सोडल्या. दोर काखेत रुतू नये म्हणून त्या काखेत धर, असं त्याने वरून सांगितलं. न्यायनिवाड्याच्या एवढ्या गर्जना वाचून झाल्यावर मला तर या परक्या नोकराच्या चिंध्याच जास्त आठवतात.

बाबेलची फौज परत आली, आणि इ.स.पू. ५८६च्या सुमारास शहर पडलं, मंदिर जळलं. किती माणसं नेली? यिर्मयाच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात तीन खेपांचे आकडे आहेत: ३०२३, ८३२ आणि ७४५. एकूण ४६००. राजांच्या ग्रंथात केवळ पहिल्याच खेपेला दहा हजारांचा आकडा आहे. कोणताही धरला तरी ही पाठवणी मुख्यतः वरच्या थराची होती: राजघराणं, सरदार, लोहार, सुतार. बाबेलच्या उत्खननात शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांत सिद्कीयाच्या आधीचा, बंदी झालेला राजा यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. म्हणजे कैदेतही त्याचा ‘यहूदाचा राजा’ हा किताब शाबूत होता.

मागे कोण राहिलं? ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, ती गरीब माणसं. बाबेलचा सेनापती नबूजरदान याने त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली, असं यिर्मयाचा ग्रंथ एका वाक्यात सांगून पुढे जातो. तिथे थांबायला हवं. मंदिर जळाल्याच्या त्याच दिवसांत कुणाच्या तरी हाती पहिल्यांदा जमीन आली! नबूजरदान काही समाजसुधारक नव्हता. रान ओसाड पडलं तर सारा कुठून येणार, इतका साधा त्याचा हिशेब असावा. पण ज्यांना मळे मिळाले त्यांनी या दिवसाला काय म्हटलं असेल, हे ग्रंथात नाही. ग्रंथ लिहिले आणि जुळवले ते बहुतेक नेलेल्यांनी. इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकल्यावर, इ.स.पू. ५३९नंतर, जे परतले त्यांनी वंशावळ्या तपासल्या, ज्यांची नावं सापडेनात त्यांना याजकपणातून वगळलं, आणि ‘देशातल्या लोकां’कडे संशयाने पाहिलं.

मराठी मुलखात या हद्दपारीची आठवण सर्वांत जुनी आहे ती कोकणातल्या बेने इस्राएलांकडे. नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा. ते तेलाच्या घाण्यावर जगले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून ‘शनिवार तेली’ झाले. यरुशलेमच्या विध्वंसाचा उपासाचा दिवस, ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नवमी, त्यांच्याकडे ‘बिरड्याचा सण’ झाला. रात्रभर भिजवलेले, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात सोलायचे आणि उपासानंतर पानात त्यांचं बिरडं वाढायचं. हाच समाज इस्राएलमध्ये गेल्यावर १९६२ साली तिथल्या रब्बींनी विवाहासाठी त्यांच्या आईकडच्या वंशाची चौकशी सुरू केली. यरुशलेममध्ये आंदोलनं झाली आणि ऑगस्ट १९६४मध्ये तिथल्या संसदेला ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर करावं लागलं. बाबेलहून परतलेल्यांचं ते वंशावळीचं दप्तर अडीच हजार वर्षांनी पुन्हा उघडलं, आणि या खेपेला दारात उभे होते ते मराठी बोलणारे.

मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, नागपुरात, हे ग्रंथ शाळेत शिरले ते १८४५ साली आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यामागोमाग. पण ‘आमचं दुःख म्हणजे आमच्याच पापाची शिक्षा’ ही शिकवण विदर्भाला नवी नव्हती. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा हे चोखामेळ्याचं जन्मगाव मानलं जातं. आपल्या हीन जातीचं कारण चोखोबा पूर्वजन्मीच्या दोषात शोधतात, तर त्यांचा मुलगा कर्ममेळा थेट विठ्ठलाला जाब विचारतो. इब्री ग्रंथांतही हे घरातलं भांडण आहेच. ईयोब आपला गुन्हा काय ते विचारत राहतो. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून मुलाचे दात आंबतात, ही म्हण यापुढे उच्चारायची नाही, असं यहेज्केल संदेष्टा बाबेलच्या बंदिवासात बजावतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या ग्रंथांतून काय घेतलं, ते पाहण्यासारखं आहे. १९४१ साली ‘बॉम्बे सेंटिनेल’मध्ये त्यांनी लिहिलं ते मोशेवर, गुलामगिरीतून लोकांना बाहेर काढणाऱ्यावर. दंड सोसून शहाणं व्हा असं सांगणारा संदेष्टा त्यांनी उचलला नाही. ते साहजिकच होतं. सिद्कीयाच्या सरदारांना ‘तुमचंच चुकलं’ म्हणणं वेगळं, आणि त्यांच्या दासांना तेच ऐकवणं वेगळं. १९५७मध्ये निघालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ते स्वच्छ म्हणतात की पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त समाजाला आणि राज्याला गरिबांच्या स्थितीची जबाबदारी झटकायला सोयीचा पडतो.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात आंबेडकरांबरोबर लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मोशेच्या लोकांपुढे जायला दुसरा देश होता. हे लोक आपापल्या गावी परतले, आणि तिथली जमीन होती त्याच मालकांची होती. पुढचा लढा म्हणूनच सातबाऱ्याचा झाला. १९५९ साली आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली खानदेश-मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९६४च्या डिसेंबरात तो देशभर पसरला, आणि पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही मागणी घेऊन माणसं तुरुंगात गेली.