सोलर गच्चीवर, पाणी मात्र कोमट! दोष पाइपचा तर नाही?

पावसाळ्यात कोलाडला ढगांमुळे सोलरचं पाणी तापत नाही, हे समजू शकतं. पण नोव्हेंबरच्या कडक उन्हातही पाणी कोमटच येत असेल, तर महागड्या नळ्या बदलण्याआधी पाइप तपासा.

मिक्सरजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर जास्त दाबाचं गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतं. चाचणी सोपी आहे. पहाटे, उन्हाआधी, सोलरला गार पाणी देणारा व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ सोडा. धार थोड्या वेळात थांबायला हवी. चालूच राहिली, तर गार पाणी दुसरीकडून येतंय. व्हॉल्व्ह लगेच उघडायला विसरू नका. उन्हात कोरड्या तापलेल्या काचेच्या नळीत गार पाणी शिरलं, की ती तडकते.

धारच बारीक असेल, तर पाइपच्या उंचवट्यात हवा अडकली असावी.