गोळी घरी आली, सिस्टर वॉर्डातच राहिली

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या बाईच्या छातीत गाठ निघाली आणि ती कर्करोगाची ठरली, की घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘टाटा’. मुलगा नाहीतर दीर मुंबईला कामाला असतोच. त्याच्या खोलीवर मुक्काम टाकायचा, परळला टाटा कर्करोग रुग्णालयात फाईल काढायची, नंबर लावायचा. महाड-पोलादपूरकरांना हा रस्ता पाठ आहे. गेल्या दहा वर्षांत त्यात एक मोठा बदल झाला. आजार हाडांत किंवा फुप्फुसात पसरलेला असला, तरी अनेक बायकांना सलाईनमधून केमो देण्याऐवजी गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं. एसटीनं परतणाऱ्या बाईच्या पिशवीत महिन्याचं औषध असतं. सोय मोठीच आहे. मात्र केमोच्या वेळी शेजारी उभी राहून ताप, रक्तदाब, रिपोर्ट बघणारी सिस्टर वॉर्डातच राहते. तिचं काम घरच्यांच्या अंगावर पडतं आणि ते त्यांना कुणी नीटसं शिकवलेलं नसतं.

या गोळ्यांचं मूळ समुद्रात सापडतं. टिम हंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९८२ साली अमेरिकेत वुड्स होल इथं समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग करत होते. पेशी दुभंगण्याआधी एक प्रथिन साठत जायचं आणि दुभंगताना अचानक नाहीसं व्हायचं. त्याला त्यांनी सायक्लिन म्हटलं. पेशी-विभाजनाच्या या संशोधनासाठी हंट, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना २००१ सालचं नोबेल मिळालं. सायक्लिन सीडीके नावाच्या विकरांना जागं करतं आणि पेशीला दुप्पट व्हायला मोकळीक मिळते. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात सीडीके-४ आणि सीडीके-६ यांचा हा नाका जवळजवळ कायम उघडा राहतो. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि ॲबेमासिक्लिब ही औषधं तो बंद करतात.

पाल्बोसिक्लिबला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत लेट्रोझोल या इस्ट्रोजेन घटवणाऱ्या नुसत्या गोळीवर आजार मधल्या अंदाजानं १४.५ महिने आटोक्यात राहिला, तर जोडीला पाल्बोसिक्लिब दिल्यावर २४.८ महिने. आजार मुळापासून जात नाही, काळ मिळतो. हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. भारतात या औषधाचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत पुष्कळ उतरली. म्हणून तर आता ती वाडीवस्तीपर्यंत पोचते आहे.

पाल्बोसिक्लिब २१ दिवस रोज घ्यायचं आणि पुढचे ७ दिवस खाडा. एकूण २८ दिवस, म्हणजे सोमवारी सुरू केलेलं औषध प्रत्येक वेळी सोमवारीच सुरू होणार. भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनानं तीन आठवडे आखून ठेवले, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या सासूलाही कळतं आज गोळी आहे की नाही. गफलत होते ती खाड्याच्या आठवड्यात: बाई सगळंच बंद करते. जोडीचं लेट्रोझोल मात्र रोज चालू ठेवायचं असतं, त्याला सुट्टी नाही. एखादा डोस चुकला किंवा उलटी होऊन पडला, तर भरपाई म्हणून दुसरी गोळी घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी नेहमीचीच घ्यायची.

मग उपासाचं काय? पाल्बोसिक्लिबची कॅप्सूल उपाशीपोटी घेतली, तर साधारण १३ टक्के लोकांत ती रक्तात फारच कमी उतरते. म्हणून कॅप्सूल जेवणाबरोबर. श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली तरी चालेल, पण निर्जळी उपास नको. याच औषधाची टॅब्लेटही मिळते, तिला जेवणाची अट नाही. उलट लॅपॅटिनिब ही वेगळ्या प्रकारच्या स्तन-कर्करोगाची गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा तासाभरानं घ्यावी लागते. तेलकट जेवणाबरोबर तिची रक्तातली मात्रा कित्येक पटींनी चढते. तेव्हा शेजारणीला सांगितलेला नियम आपल्या गोळीला लावू नये.

सगळ्यात जपायचं ते तापाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि त्यांनाही तोच नाका ओलांडावा लागतो. त्यामुळे पाल्बोसिक्लिबवर त्या हमखास घटतात. केमोत त्या पेशी मरतात. इथं त्या थांबतात आणि खाड्याच्या आठवड्यात बऱ्याचशा सावरतात. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत १ल्या आणि १५व्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची असते. त्यासाठी मुंबई गाठायला नको. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त द्यावं आणि रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवावा. पेशी फार उतरल्या, तर डोस १२५ वरून १०० किंवा ७५ मिलिग्रॅमवर आणतात. डोस घटला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं समजू नये. अंग १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलं, तर मात्र त्याच दिवशी फोन करायचा. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून आलेला ताप आमच्याकडे अंगावर काढायची रीत आहे. या बाईनं तो अंगावर काढायचा नाही. नवा कोरडा खोकला आणि दम लागणं यांनाही हेच लागू. क्वचित ही औषधं फुप्फुसाला सूज आणतात. ॲबेमासिक्लिबवर बहुतेकींना जुलाब होतात. पावसाळ्यात ‘पाणी बाधलं’ म्हणून ते सोडून दिले जातात; खरं तर पहिल्याच पातळ जुलाबाला डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरू करायची असते.

आता पपनस. गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारं हे फळ पाश्चात्त्यांच्या ग्रेपफ्रूटचं जनक. त्यातली द्रव्यं आतड्यातलं सीवायपी-३ए-४ हे विकर बंद पाडतात. औषध मोडायचं काम याच विकराचं, त्यामुळे ते रक्तात चढत जातं. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि इट्राकोनॅझोल हे गजकर्णावर सर्रास दिलं जाणारं औषधही तेच करतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन नेमकं उलटं: औषध इतक्या झपाट्यानं मोडतं की गोळी घेऊन न घेतल्यासारखी. रायबोसिक्लिबचं दुखणं आणखी निराळं. ते हृदयाची लय बिघडवू शकतं, म्हणून सुरुवातीला आणि १४व्या दिवसाच्या सुमारास ईसीजी काढतात. त्याच्या जोडीला उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन किंवा ॲझिथ्रोमायसिन पडलं, तर धोका वाढतो. आणि ही दोन्ही गावातल्या दवाखान्यातली रोजची औषधं!

गुळवेलीचंही सांगायला हवं. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. वाद चालू राहो, पण आधीच यकृतावर ताण देणाऱ्या गोळ्या चालू असताना काढा पिऊन पाहण्याची ही वेळ नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

२२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं आणि दरडींनी रस्ते अडले, हे विसरणं शक्य नाही. जून ते सप्टेंबर पुढच्या फेरीचं औषध आधीच घरात हवं, झाकणबंद कोरड्या डब्यात, उंचावर. कॅप्सूल उघडू नये, गोळी कुटू नये. घरात गरोदर सून असेल, तर फुटलेल्या कॅप्सूलला तिनं हात लावू नये. उरलेल्या गोळ्या नदीत टाकण्यापेक्षा पुढच्या खेपेला रुग्णालयात परत द्याव्यात.

घरच्यांना एकच विनंती. गोळ्यांच्या पाकिटाचा आणि टाटाच्या फाईलमधल्या शेवटच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि गावातल्या डॉक्टरांनी काहीही लिहून देण्याआधी तो त्यांच्यापुढे धरा. औषधाचा त्रास झाल्यास आपल्या डॉक्टरांना कळवाच, शिवाय सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तो नोंदवता येतो.